इसबगोल : पाण्याचा हिशोब ठेवणारे बी

व्यापारी कुटुंबातील औषधांचे कपाट उघडले, तर हिंग्वाष्टक चूर्ण, सुंठ, ओवा आणि त्रिफळा यांच्या शेजारी इसबगोलाची एखादी पुडी बहुधा सापडतेच. बैठा धंदा, लग्नसराईतील जेवणावळी आणि खरेदीनिमित्त होणारा अवेळी प्रवास यांमुळे बद्धकोष्ठाची तक्रार या वर्गाला नवी नाही. आजोबांपासून नातसुनेपर्यंत सर्वांनी केव्हा ना केव्हा ही फिकट, हलकी भुसी पाण्यात कालवून घेतलेली असते. पुडी कोणत्या दुकानातून आणली हे घरात सर्वांना ठाऊक असते. परंतु ती कोणत्या शेतातून आली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

परभणी जिल्ह्यात मात्र हा प्रश्न विचारण्यास कारण आहे. परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड या बाजारपेठांत दुकान सांभाळीत असतानाच थोडीफार शेती राखून असलेली अनेक कुटुंबे आहेत. सोयाबीन, तूर, कापूस आणि हरभरा यांच्या भावांतील चढउतार ती दोन्ही बाजूंनी अनुभवतात; माल विकणारे म्हणून आणि माल घेणारे म्हणूनही. अशा वेळी औषधी वनस्पतींच्या लागवडीतून भरघोस उत्पन्न मिळते, असे कोणी सांगितले की मन तिकडे वळणे स्वाभाविक आहे. इसबगोल आपल्या मातीत येईल काय आणि आलेच तर परवडेल काय, या दोन प्रश्नांची उत्तरे पेरणीपूर्वी मिळवणे हेच शहाणपणाचे. पेरणीनंतर मिळालेले उत्तर फार महाग पडते.

वाळवंटातील रोपटे

इसबगोल ही मुळात कोरड्या, रेताड प्रदेशातील रानवनस्पती. शास्त्रीय परिभाषेत तिला ‘प्लँटॅगो ओव्हाटा’ म्हणतात. भूमध्य समुद्राच्या परिसरापासून इराण, सिंध आणि राजस्थानच्या वाळवंटापर्यंत ती आपोआप उगवताना आढळते. नावही तिकडूनच आले. फारसीत ‘अस्प’ म्हणजे घोडा आणि ‘घोल’ म्हणजे कान. बियांचा आकार घोड्याच्या कानासारखा, म्हणून ‘अस्पघोल’. त्याचेच पुढे इसबगोल झाले. युनानी वैद्यकात या बियांना जुन्या काळापासून मान आहे. ब्रिटिश अमलात १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदुस्थानच्या औषधकोशातही तिला स्थान मिळाले होते.

रोप दिसायला अगदी साधे. उंची एक ते सव्वा फूट, खोड जवळजवळ नाहीच, गवतासारखी अरुंद पाने आणि त्यांतून वर आलेल्या लहान लहान ओंब्या. प्रत्येक ओंबीवर बारीक बोंडे धरतात. बोंड पिकले की डबीचे झाकण उघडावे तसा त्याचा वरचा भाग सुटतो आणि आतील दोन बिया बाहेर पडतात. बी होडीच्या आकाराचे, गुलाबी छटेचे करडे-तपकिरी असते. ते इतके हलके की हजार बियांचे वजन दोन ग्रॅमही भरत नाही.

या बीवर एक पातळ, अर्धपारदर्शक त्वचा असते. बाजारात ‘सत इसबगोल’ या नावाने मिळते ती हीच त्वचा, म्हणजे भुसी. पाण्याचा स्पर्श होताच ती आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषून फुगते आणि तिचा बुळबुळीत गर तयार होतो. भेंडी चिरताना हाताला लागणारा चिकटपणा किंवा सब्जाचे भिजलेले बी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही जात ओळखीची वाटेल. माणसाच्या पोटासाठी निसर्गाने ही योजना केलेली नाही. वाळवंटात पाऊस क्वचित पडतो आणि पडला तरी लगेच उडून जातो. अशा ठिकाणी मिळालेले थोडे पाणी धरून ठेवावे, वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून वाळूला चिकटून राहावे आणि अंकुर फुटेपर्यंत ओल टिकवावी, यासाठी बीने स्वतःला घातलेले हे अंगरखे आहे.

इसबगोलाची सारी कथा या एका गुणात सामावलेली आहे. पाणी योग्य वेळी आणि योग्य प्रमाणात मिळाले तर हे बी उपकारक ठरते. अवेळी किंवा चुकीच्या प्रमाणात मिळाले तर तेच नुकसान करते. शेतात, खळ्यावर, गोदामात आणि पोटात, चारही ठिकाणी हाच नियम लागू पडतो.

उंझ्याची पेढी आणि जगाचा बाजार

आज इसबगोलाच्या उत्पादनात आणि निर्यातीत भारत जगात अग्रेसर आहे. हे पीक मुख्यत्वे गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश या तीन राज्यांत घेतले जाते. उत्तर गुजरातेतील उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ. जिरे आणि बडीशेप यांच्यासाठी हे गाव मसाल्याच्या व्यापाऱ्यांना परिचित आहेच. जवळच्या सिद्धपुरात भुसी काढण्याचे कारखाने आहेत. मध्य प्रदेशात नीमच आणि मंदसौर येथे त्याची खरेदी-विक्री चालते. एप्रिल २०२३ मध्ये उंझा हे केंद्र धरून इसबगोलाच्या बियांचे वायदेही सुरू झाले.

कारखान्यात बी आधी चाळून, पाखडून स्वच्छ करतात. मग जात्यांसारख्या चक्क्यांतून ते पुन्हा पुन्हा हलकेच भरडले जाते. दर वेळी सुटलेली त्वचा वाऱ्याच्या झोताने आणि चाळण्यांनी वेगळी काढतात. शंभर किलो बियांतून साधारण पंचवीस किलो भुसी निघते. उरलेला गर मुख्यतः जनावरांच्या खाद्यात जातो. भुसीचा मोठा हिस्सा परदेशी जातो आणि त्यात अमेरिका हा सर्वांत मोठा ग्राहक आहे. तेथे १९३४ पासून ‘मेटाम्युसिल’ या नावाने इसबगोलाची पूड विकली जाते. १९९८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, कमी स्निग्धांशाच्या आहाराबरोबर इसबगोलातील विद्राव्य तंतू रोज सात ग्रॅम घेतल्यास हृदयविकाराचा धोका कमी होण्यास मदत होऊ शकते, असे वेष्टनावर लिहिण्यास मान्यता दिली. आजीची पुडी अशा रीतीने जागतिक व्यापाराची वस्तू झाली.

परभणीची माती काय सांगते?

परभणी जिल्ह्याचे नाव निघाले की गोदावरी, दुधना आणि पूर्णा यांच्या खोऱ्यांतील काळीभोर, खोल जमीन डोळ्यांपुढे येते. ज्वारी, कापूस आणि हरभरा यांच्यासाठी ही माती म्हणजे वरदान. पावसाळ्यात प्यालेली ओल ती हिवाळाभर जपून ठेवते. इसबगोलाला मात्र नेमका हाच गुण मानवत नाही. त्याला हलकी, वाळूमिश्रित, पाण्याचा निचरा झपाट्याने होणारी जमीन हवी. खोल काळ्या जमिनीत पाणी मुळाशी थांबते आणि मर रोगाला वाव मिळतो. शिवाय पाणी देऊन वाळलेल्या काळ्या मातीवर कडक पापुद्रा धरतो. मोहरीहूनही हलक्या बीचा नाजूक अंकुर तो फोडू शकत नाही.

म्हणून पाथरी-मानवतच्या कालव्याखालील भारी जमिनीत इसबगोल पेरण्याचा मोह टाळलेलाच बरा. कालव्याचे पाणी आवर्तनाप्रमाणे येते आणि पाटातून लोटाने वाहते. इसबगोलाचे बी तर जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर मातीखाली असते. पाण्याचा लोट ते उचलून वाफ्याच्या एका टोकाला नेऊन टाकतो.

जिल्ह्याची सगळीच जमीन मात्र काळी नाही. उत्तरेस जिंतूर तालुक्यात डोंगररांगा आहेत. नेमगिरीच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांना वाटेत दिसणारी मुरमाड, उताराची राने आठवत असतील. दक्षिणेस गंगाखेडच्या बाजूला बालाघाटच्या रांगांलगत अशीच हलकी जमीन आढळते. जेथे विहिरीचे थोडे, पण आपल्या हातातले पाणी आहे आणि जमीन हलकी ते मध्यम आहे, तेथे लहान प्रमाणावर प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही.

हवेच्या बाबतीत जिल्हा अर्धा अनुकूल, अर्धा प्रतिकूल आहे. या पिकाला थंड, कोरडी आणि निरभ्र हवा लागते. परभणीची थंडी प्रसिद्ध आहे. थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांखाली उतरलेला जिल्ह्याने पाहिला आहे. खरी अडचण येते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, पीक पक्व होत असताना.

पेरणी ते ओंबी

लागवडीचा काळ ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंतचा. फार लवकर पेरल्यास रोपे नुसती पालेदार होतात. फार उशीर झाल्यास थंडीचे दिवस अपुरे पडतात आणि पक्वता उन्हाळी पावसाच्या तोंडावर येते.

जमीन वखराने चांगली भुसभुशीत करून ढेकळे फोडावीत आणि पूर्ण कुजलेले शेणखत एकरी चार ते सहा टन मिसळावे. लहान, सपाट वाफे करावेत, म्हणजे पाणी हळू आणि सारखे फिरते. बी एकरी दोन ते तीन किलो पुरते. ते गेल्याच हंगामातील असावे, कारण जुन्या बीची उगवण घटते. बी फार हलके असल्याने बारीक वाळूत मिसळून फेकावे किंवा सुमारे तीस सेंटिमीटर अंतरावरील ओळींत टाकावे आणि वरून खराट्याने हलकेच माती ओढावी. बी खोल गाडले गेले की उगवत नाही. गुजरात इसबगोल-२, जवाहर इसबगोल-४, निहारिका आणि वल्लभ इसबगोल-१ या सुधारित जातींपैकी जी खात्रीशीर मिळेल ती निवडावी. गुजरातेत आणंदजवळ बोरीआवी येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे औषधी व सुगंधी वनस्पतींचे संशोधन संचालनालय आहे. तेथे या पिकावर बरेच काम झाले आहे.

पेरणी होताच पहिले पाणी अगदी संथ धारेने द्यावे. सुरुवातीच्या दोन पाण्यांसाठी तुषार संच उत्तम. चार ते सात दिवसांत उगवण दिसते. ती विरळ वाटल्यास आणखी एक हलके पाणी द्यावे. त्यानंतर हलक्या जमिनीत महिन्याने एक आणि सत्तराव्या दिवसाच्या सुमारास, दाण्यात चीक भरताना एक, एवढी पाणी-पाळी साधारणपणे पुरी होते. ओंब्या आल्यावर तुषार संच बंद करून वाफ्यातूनच पाणी द्यावे, कारण भिजलेल्या ओंब्या रोगाला आमंत्रण देतात. चीक भरल्यानंतर दिलेले पाणी लाभापेक्षा हानीच अधिक करते.

रासायनिक खत द्यायचे झाल्यास एकरी वीस किलो नत्र आणि दहा किलो स्फुरद एवढे पुरे. त्यातील निम्मे नत्र पेरणीच्या वेळी स्फुरदाबरोबर आणि उरलेले महिनाभराने द्यावे. पहिली खुरपणी विसाव्या ते पंचविसाव्या दिवशी झालीच पाहिजे. रोपे ठेंगणी असल्याने तण त्यांना सहज झाकून टाकते, आणि पुढे तणाचे बी मालात मिसळले की बाजारात भाव उतरतो. पन्नास-साठ दिवसांनी, ओंब्या निघण्याच्या सुमारास, ढगाळ व दमट हवेत केवडा रोग येतो. पानांवर फिकट डाग आणि खालच्या बाजूस राखाडी बुरशी दिसते. माव्याचाही उपद्रव याच काळात होतो. बीजप्रक्रिया, विरळ पेरणी आणि बेताचे पाणी हे यावरचे पहिले उपाय. अहिंसेच्या दृष्टीने विचार करणाऱ्या कुटुंबांनाही हेच मानवेल, कारण रोग व कीड येऊ न देणे हे फवारणीपेक्षा केव्हाही श्रेयस्कर आणि स्वस्त. औषधाची गरज पडलीच, तर ते कृषितज्ज्ञाच्या सल्ल्यानेच निवडावे, कारण हे पीक थेट माणसाच्या पोटात जाणारे आहे.

एका रात्रीचा पाऊस

एकशे दहा ते एकशे तीस दिवसांत पीक काढणीस येते. पाने पिवळी पडतात, ओंब्या तपकिरी होतात आणि ओंबी बोटांत हलकेच दाबली की बी सुटते. येथून पुढचे आठ-दहा दिवस शेतकऱ्याची खरी परीक्षा असते. बोंडाचे झाकण आता सैल झालेले असते. पाऊस पडला, किंवा दाट दव जरी पडले, तरी बोंडे उघडून बी जमिनीवर सांडते. जे ओंबीत राहते त्याची त्वचा भिजून फुगते. एकदा फुगून वाळलेल्या त्वचेला कारखान्यात किंमत येत नाही. वाळवंटात ज्या गुणाने बी जगते, त्याच गुणाने खळ्यावर ते वाया जाते.

याच कारणाने काढणी सकाळी दहानंतर, दव पूर्ण उडाल्यावर करतात. झाडे जमिनीलगत कापून किंवा उपटून ताडपत्रीवर दोन दिवस पसरतात, मग मळणी करून बी वाऱ्यावर उफणतात. खळे स्वच्छ आणि कोरडे हवे. माल भरताना पोतीही कोरडी असावीत आणि थप्पी जमिनीवर न लावता फळ्यांवर लावावी.

मराठवाड्यातील फेब्रुवारी-मार्च भरवशाचे नाहीत, हे येथील शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेली गारपीट अजून लोकांच्या स्मरणात आहे. उभी ज्वारी, गहू आणि हरभरा त्या दिवसांत आडवे झाले होते. अशा हवेत हरभऱ्याचे निदान काही तरी पदरी पडते. पक्व इसबगोलाचे एका रात्रीत जवळजवळ काहीच उरत नाही. लागवडीचा निर्णय घेताना ही जोखीम सर्वांत आधी मांडली पाहिजे.

खतावणीवर मांडून पाहावे

व्यापारी घराला हिशोबाची भाषा जवळची, म्हणून एक नमुन्याचा हिशोब मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. इसबगोलाचे उत्पन्न चांगल्या व्यवस्थापनाखाली हेक्टरी आठ ते दहा क्विंटल, म्हणजे एकरी साधारण साडेतीन क्विंटल धरले जाते. त्याच जमिनीत पाण्याखालचा हरभरा एकरी सात क्विंटल आला असे समजावे. २०२५-२६ च्या विपणन हंगामासाठी हरभऱ्याचा हमीभाव क्विंटलला ५,६५० रुपये जाहीर झाला होता. त्या दराने हरभऱ्याचे ३९,५५० रुपये होतात. तेवढेच रुपये साडेतीन क्विंटल इसबगोलातून यायचे, तर त्याला क्विंटलला ११,३०० रुपये भाव मिळायला हवा.

आता पावसाची जोखीम धरावी. चार वर्षांतून एका वर्षी इसबगोल पूर्ण गेले आणि त्याच वर्षी हरभरा निम्मा हाती आला असे मानले, तर चार वर्षांत हरभऱ्याचे १,३८,४२५ रुपये होतात. इसबगोल मिळाले फक्त तीन हंगामांचे, म्हणजे साडेदहा क्विंटल. बरोबरी साधण्यासाठी आता क्विंटलला सुमारे १३,१८० रुपये हवेत. त्यावर वाहतूक, अडत आणि तूट. परभणीपासून उंझा आठशे किलोमीटरहून दूर आहे. पाच-दहा क्विंटल माल एवढ्या लांब पाठवणे परवडत नाही. दहा-वीस शेतकऱ्यांनी एकत्र येऊन गाडी भरली, तरच भाडे आवाक्यात येते. दुसऱ्या बाजूस बियाण्याचा खर्च हरभऱ्यापेक्षा पुष्कळ कमी, तर खुरपणीची मजुरी जास्त, हेही मांडावे. हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपल्या शेताचे उत्पन्न आणि पेरणीच्या आठवड्यातील उंझा-नीमचचे भाव घालून बेरीज-वजाबाकी पुन्हा करावी.

आणखी एक बाब. इसबगोलाला हमीभाव नाही, आणि सोयाबीन किंवा तुरीचा होतो तसा त्याचा नियमित लिलाव जिल्ह्यातील मोंढ्यांत होत नाही. म्हणजे विकत घेणारा आधी शोधावा लागतो आणि मग पेरावे लागते. बियाणे महाग विकून ‘माल आम्हीच परत घेऊ’ असे तोंडी आश्वासन देणाऱ्यांपासून सावध राहावे. सफेद मुसळी आणि कोरफड यांच्या बाबतीत महाराष्ट्रातील कित्येक शेतकऱ्यांनी हा धडा पैसे मोजून घेतला आहे. खरेदीचा करार लेखी असावा. त्यात भाव, प्रत, आर्द्रतेची मर्यादा, माल उचलण्याची मुदत आणि पैसे देण्याची तारीख स्पष्ट असावी.

इतके करूनही उत्साह कायम राहिला, तर पहिल्या वर्षी पाच गुंठेच पेरावे. बी पाव ते दीड पाव किलो लागेल आणि नुकसान झालेच तर ते सोसण्याजोगे असेल. १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ परभणीतच आहे. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. ‘परभणी क्रांती’ ही भेंडीची जात देशभर पोचवणाऱ्या या विद्यापीठात माती तपासून घेणे आणि तज्ज्ञांचे मत घेणे, ही पहिली पायरी मानावी.

ज्यांच्याकडे शेत नाही, त्यांनीही गच्चीवर हा प्रयोग करावा. पसरट कुंडीत निम्मी वाळू, निम्मी माती आणि थोडे खत घालून नोव्हेंबरमध्ये चिमूटभर बी टाकावे. त्यासाठी सबंध बी हवे. सत इसबगोलाच्या पुडीत केवळ त्वचा असल्याने त्यातून काहीच उगवत नाही. मुलांना एक बी बशीतील पाण्यात टाकून दाखवावे. काही वेळातच त्याभोवती धरणारे पारदर्शक कवच पाहून त्यांना जे समजेल, ते दहा वाक्यांनी समजणार नाही.

पेल्यातील पाणी

शेवटी पुन्हा घराकडे. इसबगोल निरुपद्रवी मानले जाते आणि बहुतेकांसाठी ते तसे आहेही. परंतु जी त्वचा वाळवंटात ओल खेचून घेते, ती घशात आणि आतड्यातही तेच करते. पुरेसे पाणी नसेल तर ती वाटेतच फुगून अडकते. म्हणून एक चमचा भुसी मोठा पेलाभर पाण्यात, म्हणजे किमान अडीचशे मिलिलिटर पाण्यात ढवळून, घट्ट होण्याआधी प्यावी आणि वरून आणखी थोडे पाणी घ्यावे. कोरडी भुसी तोंडात टाकून घोटभर पाण्याने गिळण्याची सवय धोक्याची आहे.

रात्रिभोजनत्याग किंवा चौविहार पाळणाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. ‘रात्री झोपताना घ्यावे’ असा सर्वसाधारण सल्ला त्यांच्या उपयोगाचा नाही. म्हणून अनेक जण सूर्यास्ताच्या अगदी तोंडावर घाईने भुसी घेतात आणि दोन घोटांत पाणी आटोपतात. पुढे रात्रभर पाणी नसते. त्यापेक्षा दुपारी जेवणानंतर दीड-दोन तासांनी, दिवस पुष्कळ शिल्लक असताना भुसी घ्यावी आणि सूर्यास्तापर्यंत थोड्या थोड्या वेळाने पाणी पीत राहावे. पाणी उकळून थंड केलेले असले तरी गुणात फरक पडत नाही. मोजकेच पाणी घेण्याचा नियम असलेल्या दिवशी इसबगोल घेऊच नये. पर्वकाळातील तपश्चर्येनंतर पोट जड वाटते म्हणून पारण्याच्या पहिल्याच घासाला ते घेण्याचीही घाई करू नये. आधी पातळ आहार आणि पाणी यांनी शरीर सावरू द्यावे.

नेहमीची औषधे चालू असतील, तर ती आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर असावे, कारण फुगलेला गर औषधाचे शोषण मंदावतो. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगूनच सुरुवात करावी. सुवासिक, रंगीत पुड्यांत पुष्कळदा साखर असते. वेष्टन वाचून घ्यावे. गिळण्यास त्रास होणारे वृद्ध, तसेच आतड्यात अडथळ्याचा पूर्वेतिहास असलेले रुग्ण यांनी ते घेऊ नये. शौचातून रक्त जाणे, वजन उतरणे किंवा शौचाच्या सवयीत अचानक आणि टिकून राहणारा बदल होणे, यांवर इसबगोल हा उपाय नव्हे. तेथे तपासणीच हवी. पुडी उघडल्यावर भुसी घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावी आणि ओला चमचा आत घालू नये.

जिंतूरच्या माळावर एखाद्या कुटुंबाने पाच गुंठे इसबगोल पेरले आणि मार्चच्या कोरड्या हवेत ते सुखरूप घरी आणले, तर त्यातून दहा-अकरा किलोच्या आसपास भुसी निघेल इतके बी हाती येईल. श्रीमंती त्याने येणार नाही. परंतु माती कोणती, पाणी किती आणि केव्हा, घेणारा कोण, हे तीन प्रश्न पेरणीआधी विचारण्याची सवय त्या कुटुंबाला लागेल. ही सवय पाच गुंठ्यांत जितकी उपयोगी, तितकीच पन्नास एकरांत आणि दुकानाच्या गादीवरही आहे.